वाचू न देता चालवू देणे : रूपांतर-स्क्रिप्टच्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

आजपासून या कामाच्या नोंदी वेगळ्या ठेवत आहे. जुन्या, फॉन्टच्या आकारांवर आधारलेल्या मांडणीत टंकलिखित झालेला मराठी मजकूर युनिकोड या आजच्या प्रमाण मांडणीत आणणाऱ्या आमच्या पायथन भाषेतील स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) पुण्यातील कार्यालयाच्या सर्व्हरवर आहेत आणि त्या कार्यालयाबाहेरच्या मंडळींनाही वापरू द्यायच्या, असे ठरले आहे. कोल्हापूरचे एक मुद्रणालय, पणजीचे एक नियतकालिक आणि बडोद्यातील एक ग्रंथालय अशा तीन ठिकाणचे सहा जण त्या दुरून चालवतील. आमच्या गटातील चौघे सर्व्हरवरील स्वतःच्या खात्यांतून चालवतील.

अडचण कराराची आहे. कोणत्या फॉन्टमधील कोणता आकार युनिकोडच्या कोणत्या अक्षरक्रमात बदलायचा याचा तक्ता, आणि संदिग्ध जागी निर्णय देणारी शब्दयादी, हे दोन्ही आयुष्यभर अक्षरजुळणी केलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला लेखी अटींवर दिले आहे. जुन्या मजकुरात रफार आणि अर्धा र यांची सरमिसळ झालेली असते, आणि तिथे ‘दर्या’ हवे की ‘दऱ्या’ हे आकारावरून कळत नाही, शब्दयादीवरूनच कळते. इतकी वर्षे डोळ्यांखालून गेलेल्या मजकुराचे हे सार आहे, आणि ते वापरायला कोणालाही द्यावे पण उतरवून कोणाच्या हाती देऊ नये, ही त्यांची अट मला रास्त वाटते. सध्या तक्ता आणि शब्दयादी स्क्रिप्टच्या सोर्स कोडमध्येच (प्रोग्रामच्या मूळ मजकुरातच) लिहिलेली आहेत. म्हणून मागणी अशी की स्क्रिप्ट चालवता यावी, पण वाचता येऊ नये.

वेबपानावर मजकूर चिकटवून उत्तर मिळवण्याची सोय करावी का, याचा विचार झाला. कोल्हापूरला एका वेळी शेकडो फायली रांगेने बदलायच्या असतात आणि आमच्याकडे वेबसर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस नाही, त्यामुळे तो मार्ग सोडला.

५ मार्च २०२५

पहिला प्रयोग सरळ होता. स्क्रिप्टच्या फाइलला ७११ परवानगी दिली, म्हणजे मालकाला सर्व हक्क आणि इतरांना फक्त चालवण्याचा. सहकाऱ्याने स्वतःच्या खात्यातून स्क्रिप्ट चालवून पाहिली, तेव्हा पायथनने फाइल उघडता येत नाही असे सांगून काम थांबवले.

याचे कारण पुढे कोणी पुन्हा विचारेल म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. कंपाइल केलेला, म्हणजे यंत्रभाषेत आणलेला प्रोग्राम (बायनरी) चालवताना कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, स्वतः ती फाइल स्मृतीत चढवतो, म्हणून चालवणाऱ्याकडे वाचण्याचा हक्क नसला तरी भागते, आणि म्हणूनच ७११ परवानगीची बायनरी चालते पण तिची प्रत काढता येत नाही. स्क्रिप्टच्या बाबतीत कर्नल फक्त पहिली ओळ पाहतो, तिथे नाव लिहिलेला इंटरप्रिटर, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम (इथे पायथन), सुरू करतो आणि स्क्रिप्टचा पत्ता त्याच्या हाती देतो. त्यानंतर इंटरप्रिटर ती फाइल एखाद्या साध्या मजकुरासारखी, चालवणाऱ्या माणसाच्या ओळखीनेच उघडतो. त्यामुळे लिनक्सवर स्क्रिप्ट ‘चालवणे’ म्हणजे कोणीतरी ती ‘वाचणे’ हे ठरलेलेच आहे. प्रश्न एवढाच उरतो की ती कोणाच्या ओळखीने वाचली जावी.

६ मार्च २०२५

सेटयूआयडी बिट, म्हणजे फाइल तिच्या मालकाच्या ओळखीने चालवण्याची खूण, लावून पाहिला. अपेक्षेप्रमाणे काहीच झाले नाही, कारण इंटरप्रिटरकडून चालणाऱ्या फायलींवरचा हा बिट लिनक्स कर्नल विचारातच घेत नाही. कर्नलने फाइल पाहणे आणि इंटरप्रिटरने ती पुन्हा उघडणे यांत एक क्षण जातो. तेवढ्यात कोणी मधली सिम्बॉलिक लिंक (फाइलकडे नेणारा दुवा) दुसऱ्या फाइलकडे वळवली, तर वरच्या अधिकाराने भलतीच स्क्रिप्ट चालू शकते. युनिक्सच्या जगाला ही फट फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि ती बुजवण्याचा हा मार्ग मला पटतो.

सी भाषेत एक छोटा मध्यस्थ प्रोग्राम लिहून त्याला सेटयूआयडी बिट लावता आला असता. पण मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी नावे आणि त्यांची मूल्ये) स्वच्छ करणे, गटांची सदस्यत्वे बदलणे, उघड्या राहिलेल्या फायली बंद करणे ही सगळी जबाबदारी माझ्यावर आली असती, आणि सुडो, म्हणजे दुसऱ्या खात्याच्या ओळखीने कमांड चालवू देणारा प्रोग्राम, हे काम कित्येक वर्षे करत आलेला आहे.

१० मार्च २०२५

आज दिवसभर ‘स्क्रिप्ट कुलूपबंद’ करण्याचे उपाय तपासले, कारण गटातील एकाचा त्यांवर बराच भर होता. शेल (टंकलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या स्क्रिप्टसाठी एसएचसी नावाचे साधन आहे. ते स्क्रिप्टचा मजकूर आरसी४ या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीने गुंतवून एका बायनरीत ठेवते. आमची फायली गोळा करणारी एक शेल स्क्रिप्ट त्यातून काढली, चालवली आणि दुसऱ्या खिडकीत प्रक्रियांची यादी मागितली. ती बायनरी चालताना मजकूर उलगडते आणि शेलला कमांडचा भाग म्हणून देते, त्यामुळे यादीत स्क्रिप्टचा मजकूर जसाच्या तसा दिसला. तो तिथे दिसला नसता तरी उलगडण्याची किल्ली त्याच फाइलमध्ये आहे, म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत ठेवण्यासारखे झाले.

पायथनची पीवायसी फाइल, म्हणजे स्क्रिप्टचे आधीच कंपाइल केलेले रूप, देण्याची सूचनाही बाद केली. तिच्यात टिप्पण्या गेल्या तरी तक्त्यातली प्रत्येक जोडी आणि यादीतला प्रत्येक शब्द स्थिरांक म्हणून शाबूत राहतो, आणि आमच्या करारात जपायचे आहे ते नेमके तेवढेच आहे.

यावरून दिशा ठरली. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या प्रक्रियेला स्क्रिप्ट वाचण्याचा हक्क कधीच मिळता कामा नये. स्क्रिप्ट दुसऱ्या ओळखीने, दुसऱ्या प्रक्रियेत वाचली जावी आणि वापरणाऱ्याकडे फक्त उत्तर यावे.

१३ मार्च २०२५

‘रूपांतर’ या नावाचे वेगळे खाते उघडले. स्क्रिप्टचा मालक रूट (सर्वाधिकार असलेले खाते), गट रूपांतर आणि परवानगी ७५० अशी मांडणी केली. तिच्या फोल्डरलाही तीच परवानगी आहे. म्हणजे रूपांतर खाते स्क्रिप्ट वाचू आणि चालवू शकते, पण बदलू शकत नाही, आणि इतरांना तिथे डोकावताही येत नाही. जे खाते स्क्रिप्ट चालवते त्याच्याच नावावर ती ठेवली, तर एखाद्या चुकीतून स्क्रिप्टच बदलली जाण्याची वाट उघडी राहते. ही वेगळेवाटणी पहिल्या दिवशी करून टाकलेली बरी.

आमच्या चौघांसाठी सुडोचा नियम लिहिला की या गटातील माणूस रूपांतर खात्याच्या ओळखीने एवढी एकच फाइल, पासवर्डाविना चालवू शकतो. नियमात कमांडपुढे काहीच लिहिले नाही, तर सुडो कोणतेही आर्ग्युमेंट चालू देतो. तारकाचिन्ह लिहिले, तर ते मोकळी जागा आणि तिरकी रेघ यांनाही जुळते, त्यामुळे एका शब्दाला दिलेली मुभा प्रत्यक्षात वाटेल तितक्या शब्दांना मिळते. २०२२ मध्ये आलेल्या १.९.१० आवृत्तीपासून सुडोच्या नियमात रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना सांगणारी अभिव्यक्ती) लिहिता येते आणि आमच्या डेबियन १२ या लिनक्सवर १.९.१३ आहे. म्हणून फॉन्टचे नाव आणि आवृत्तीचा आकडा एवढेच जुळेल अशी, दोन्ही टोकांनी बांधलेली अभिव्यक्ती लिहिली. नियमांची फाइल नेहमीच्या एडिटरमध्ये कधीही उघडायची नाही, नियम तपासून साठवणाऱ्या व्हिसुडोनेच उघडायची, हे सर्वांना बजावले. एका चुकीच्या ओळीने सर्वांचाच सुडो बंद पडू शकतो.

सुडो एन्व्हायर्नमेंट मूळपदावर आणतो, त्यामुळे पायथनपाथसारखी, सहायक फायली (मॉड्यूल) कुठे शोधायच्या ते सांगणारी व्हेरिएबल आत पोहोचत नाहीत. तरीही दुसरी कडी म्हणून पायथन विलगित पद्धतीने सुरू करण्याचा मोठ्या आय अक्षराचा स्विच (-I) स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत घातला. लगेच स्क्रिप्ट बंद पडली. या पद्धतीत स्क्रिप्टचे स्वतःचे फोल्डरही मॉड्यूल शोधण्याच्या यादीत नसते, आणि आमचे सहायक मॉड्यूल शेजारीच ठेवलेले होते. तो पत्ता स्क्रिप्टमध्ये स्पष्टपणे लिहिल्यावर काम सुरळीत झाले.

१७ मार्च २०२५

आज बाहेरच्या सहा जणांची सोय केली. त्यांना सर्व्हरवर शेल द्यायचा नाही, म्हणून एसएसएचची (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या साधनाची) सक्तीची कमांड वापरली. प्रत्येकाची पब्लिक की, म्हणजे ओळख पटवणाऱ्या किल्ल्यांच्या जोडीतील जाहीर किल्ली, स्वतंत्र ओळीत असून त्या ओळीच्या सुरुवातीलाच ‘ही की आली की हीच कमांड चालवायची’ असे लिहिलेले असते. समोरच्याने काहीही मागितले तरी सर्व्हर तेवढेच चालवतो. २०१६ च्या ओपनएसएसएच ७.२ पासून ‘रिस्ट्रिक्ट’ हा एकच शब्द लिहून पोर्ट पुढे पाठवणे, एजंट पुढे पाठवणे, टर्मिनल देणे या सगळ्या सवलती एकदम बंद करता येतात आणि पुढे नवी सवलत आली तर तीही बंदच राहते. सवलती एकेक करून नाकारण्यापेक्षा हे मला फार सुरक्षित वाटते. किल्ल्यांची फाइल खात्याच्या घरातून काढून रूटच्या मालकीने इटीसी या सेटिंगच्या फोल्डराखाली ठेवली, म्हणजे रूपांतर खात्यालाही स्वतःची ओळ बदलता येणार नाही.

एक तास वाया गेला तो पुढील कारणाने. खबरदारी म्हणून या खात्याचा लॉगिन शेल ‘नोलॉगिन’ (कोणालाही आत न घेणारा) केला होता, आणि मग प्रत्येक की ‘हे खाते उपलब्ध नाही’ एवढेच ऐकून परत येऊ लागली. सक्तीची कमांडदेखील एसएसएच सर्व्हर खात्याच्या शेलकरवीच चालवतो, हे मी विसरलो होतो. आता तिथे साधा एसएच शेल ठेवला आहे.

वापरणाऱ्याने मागितलेली मूळ कमांड एका व्हेरिएबलमध्ये येते आणि सक्तीच्या कमांडने सुरू होणारी छोटी मध्यस्थ स्क्रिप्ट त्यावरून फॉन्टचे नाव ठरवते. तो मजकूर शेलकडून पुन्हा उलगडून घ्यायचा नाही, फक्त मान्य नावांच्या यादीशी ताडून पाहायचा, आणि जुळला नाही तर थांबायचे. सप्टेंबर २०१४ मधील शेलशॉक दोषात बॅश शेल व्हेरिएबलच्या मजकुरातूनच कमांड चालवून टाकत असे, आणि अशा सक्तीच्या कमांडची बंधने त्या वाटेने ओलांडता येत असत. ती आठवण पुरेशी आहे.

२१ मार्च २०२५

आजची नोंद मोठी आहे, कारण आज सगळी तटबंदी आतून उघडी असल्याचे कळले.

गटातील एका सहकाऱ्यांना मी विनंती केली होती की तुम्ही परके आहात असे समजून स्क्रिप्ट वाचण्याचा प्रयत्न करा. त्यांनी परवानग्यांना हातही लावला नाही. त्यांनी रूपांतरासाठी जी फाइल द्यायची, तिच्या जागी त्या स्क्रिप्टचाच पत्ता दिला. आमच्या स्क्रिप्टमध्ये ‘तपासणी’ हा एक स्विच होता. तक्त्यात नसलेले चिन्ह आढळले तर ती ओळ क्रमांकासह मूळ स्वरूपात छापायची, म्हणजे जुळाऱ्याला चूक शोधता यावी, असा त्याचा चांगला हेतू होता. स्क्रिप्टने स्वतःला उघडले, स्वतःच्या ओळींत तिला अनोळखी चिन्हे सापडली, आणि तिने इमाने-इतबारे एकेक ओळ पडद्यावर छापली. तक्त्याचा पहिला भागही त्यात होता.

दोष परवानग्यांचा नव्हता. स्क्रिप्ट रूपांतर खात्याच्या अधिकाराने चालते आणि कोणती फाइल उघडायची ते वापरणारा सांगतो. अधिकार एकाचा आणि इच्छा दुसऱ्याची अशी गाठ जिथे पडते, तिथे त्या अधिकाराच्या आवाक्यातली प्रत्येक फाइल वापरणाऱ्याला मिळू शकते. काही पत्ते नाकारण्याची यादी करण्याचा मोह झाला, पण सिम्बॉलिक लिंक, दोन टिंबांनी मागे जाणारे पत्ते आणि चालू प्रक्रियांची माहिती दाखवणाऱ्या प्रॉक फोल्डरातल्या आडवाटा यांच्यापुढे अशी यादी कधी पुरी पडत नाही.

म्हणून फाइलचा पत्ता घेणेच बंद केले. मजकूर आता फक्त प्रमाण निवेशातून (स्टँडर्ड इनपुट) येतो आणि उत्तर प्रमाण निर्गमातून (स्टँडर्ड आउटपुट) जाते. फाइल उघडण्याचे काम वापरणाऱ्याचा स्वतःचा शेल, त्याच्या स्वतःच्या हक्काने, आणि बाहेरच्यांच्या बाबतीत तर त्यांच्या स्वतःच्या संगणकावरच करतो. जी फाइल त्याला उघडता येत नाही ती आमच्यापर्यंत पोहोचतच नाही. यात एक सोय गेली. पणजीची मंडळी गावांच्या आणि तालुक्यांच्या नावांची पूरक यादी वेगळ्या फाइलमधून देत असत, ती आता देता येत नाही. त्याचा वेगळा विचार करावा लागेल.

२५ मार्च २०२५

त्याच सहकाऱ्यांनी दुसरी फट दाखवली. स्क्रिप्टला मुद्दाम अर्धवट तुटलेला मजकूर दिला की ती अपवाद (चूक झाल्याची सूचना) फेकून थांबते, आणि पायथन सवयीप्रमाणे चुकीचा मागोवा छापतो. त्या मागोव्यात प्रत्येक टप्प्याची सोर्स कोडमधील ओळ असते. डेबियन १२ वरील पायथन ३.११ तर ओळीतल्या नेमक्या कोणत्या भागात चूक झाली तेही खुणांनी दाखवतो. दोष शोधताना मला स्वतःला ही सुधारणा फार उपयोगी पडते, पण इथे तिच्यामुळे ओळीमागून ओळ बाहेर जात होती. मागोव्याची लांबी शून्य केली तरी अपवादाचा स्वतःचा संदेश राहतो, आणि पायथनच्या डिक्शनरीत शोधलेली कळ सापडली नाही अशा चुकीत ती कळच संदेशात येते, आणि ती आमच्या यादीतील शब्दही असू शकते.

आता सर्व चुका सर्वांत बाहेरच्या थरात पकडल्या जातात. संपूर्ण मागोवा फक्त आम्हाला दिसणाऱ्या लॉगमध्ये लिहिला जातो आणि वापरणाऱ्याला एक क्रमांक व त्याच्या मजकुरातील ओळीचा आकडा मिळतो. त्या क्रमांकावरून आम्ही मागोवा शोधतो. नुसते ‘काहीतरी चुकले’ असे सांगून माणसाला वाऱ्यावर सोडायचे नाही, हे मी स्वतःशी ठरवले आहे. ज्याला आतले काही दिसत नाही, त्याला चुकीचा संदेश अधिक नेटका मिळायला हवा.

२ एप्रिल २०२५

कोल्हापूरच्या जुळाऱ्यांबरोबर फोनवर बसून पहिली खरी चाचणी घेतली. तिथे विंडोज आहे आणि तिच्यात एसएसएच आधीच होते, त्यामुळे काही बसवावे लागले नाही. पण पॉवरशेलमध्ये फाइल निवेशाकडे वळवण्याचे चिन्हच चालत नाही, आणि उत्तर फाइलमध्ये वळवले तर जुना पॉवरशेल त्याचे एन्कोडिंग बदलून टाकतो. पहिली फाइल सगळी विस्कटलेली आली आणि दोष आमच्या तक्त्यात आहे असे अर्धा तास सर्वांना वाटत राहिले. शेवटी साध्या कमांड प्रॉम्प्टवर चालणारी तीन ओळींची बॅच फाइल लिहून पाठवली. ‘दुसऱ्या’, ‘दर्या’, ‘दऱ्या’, ‘आचार्यांस’ आणि ‘आचाऱ्यांस’ हे पाच शब्द तिथल्या पडद्यावर बरोबर उमटल्याचे त्यांनी वाचून दाखवले, तेव्हा फार बरे वाटले.

४ एप्रिल २०२५

चाचणीनंतर त्याच मुद्रणालयाच्या मालकांचा फोन आला. ते म्हणाले, “साहेब, आमच्या लेखकांची अजून न छापलेली हस्तलिखिते आम्ही तुमच्या यंत्रावर पाठवणार. आत काय चालते ते आम्हाला दिसत नाही. मग आमचा मजकूर तिथे साठवला जात नाही, हे आम्ही कशावरून मानायचे?”

प्रश्न अगदी योग्य होता, आणि महिनाभर मी एकाच बाजूची राखण करत होतो हे त्यामुळे लक्षात आले. तक्ता देणाऱ्या गृहस्थांना आम्ही शब्द दिला आहे तसाच, न दिसणाऱ्या स्क्रिप्टच्या हवाली आपला मजकूर करणाऱ्यांचेही आम्ही काही देणे लागतो. रात्री पुन्हा करार वाचला. त्यात तक्ता आणि शब्दयादी एवढ्याचाच उल्लेख आहे. मजकूर कसा घेतला जातो, कुठे जातो, लॉगमध्ये काय लिहिले जाते, हे सांगणारा सोर्स कोड झाकण्याची गरज कोणीच सांगितलेली नव्हती. सगळे एकाच फाइलमध्ये होते, म्हणून तो झाकला गेला होता.

८ एप्रिल २०२५

स्क्रिप्टचे दोन भाग केले. तक्ता आणि शब्दयादी आता वेगळ्या फाइलमध्ये आहेत आणि त्या फक्त रूपांतर खात्याला वाचता येतात. उरलेली स्क्रिप्ट, मध्यस्थ धरून, कोणालाही वाचता येईल अशी ठेवली आहे आणि तिची प्रत तिन्ही ठिकाणी पाठवली आहे. लॉगमध्ये वेळ, कीचे नाव, बाइटची संख्या, आवृत्ती आणि शेवटची स्थिती एवढेच जाते, मजकूर जात नाही. चुकीच्या मागोव्यात मजकुराचा तुकडा येऊ शकत होता, तोही गाळला.

पाठवलेली प्रतच सर्व्हरवर चालते, हे दुरून तपासता येत नाही. ते मी मुद्रणालयाच्या मालकांना स्पष्टपणे सांगितले, आणि पुण्याला याल तेव्हा कार्यालयात बसून तुमच्याकडची प्रत आणि सर्व्हरवरची फाइल यांच्या एसएचए-२५६ बेरजा (फाइलच्या मजकुरावरून काढलेले ठसे) स्वतः ताडून पाहा, असेही सांगितले. त्यांनी येण्याचे मान्य केले.

११ एप्रिल २०२५

तक्ता देणाऱ्या गृहस्थांना भेटून एक गोष्ट कळवली. फाइल वाचता येत नसली, तरी कोणी चिकाटीने एकेक आकार पाठवून उत्तरे टिपत गेला, तर तक्ता बराचसा जुळवू शकतो. शब्दयादीला हे तितकेसे लागू नाही, तक्त्याला मात्र नक्की आहे. मागण्यांची संख्या मर्यादित केली तर एवढेच होते की त्याला जास्त दिवस लागतात. उत्तर देणारे कोणतेही यंत्र हे टाळू शकत नाही आणि आम्ही ते टाळतो असा त्यांचा समज राहू नये, म्हणून मी गेलो होतो. ते म्हणाले, “तक्ता कोणीही मेहनतीने करू शकतो, मीही तसाच केला. यादी तेवढी सांभाळा.” त्यांच्या संमतीने करारात तशी पुरवणी जोडली.

२ जुलै २०२५

३० जून रोजी सुडोमधील दोन दोष जाहीर झाले. चरूट (प्रोग्रामला एका ठरावीक फोल्डरात कोंडणे) पर्यायाचा गंभीर दोष १.९.१४ ते १.९.१७ या आवृत्त्यांत आहे आणि आमची आवृत्ती १.९.१३ असल्याने तो आम्हाला लागू नाही. दुसरा होस्ट पर्यायाचा आहे आणि तो जुन्या आवृत्त्यांतही आहे, मात्र विशिष्ट यजमानांची (संगणकांची) नावे घालून नियम लिहिले असतील तरच तो बाधतो. आमच्या नियमांत तशी नावे नाहीत. तरी डेबियनची दुरुस्ती आली त्याच संध्याकाळी बसवली आणि चारही खात्यांतून चाचणी पुन्हा घेतली.

२२ ऑगस्ट २०२५

बडोद्याच्या ग्रंथालयातील एक वापरकर्ते दुसरीकडे रुजू झाले. त्यांच्या कीची ओळ काढली, आणि बाकी पाच जणांना काहीही कळवावे लागले नाही. प्रत्येकाची ओळ वेगळी ठेवल्याचा उपयोग आज झाला.

पणजीच्या पूरक यादीचा प्रश्न अजून उरला आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी अशी नावे त्यांना आपल्या पद्धतीने बदलून हवी असतात. ठरावीक खुणेच्या ओळीआधी यादी आणि तिच्यानंतर मजकूर, असे दोन्ही एकाच निवेशातून घ्यावे, म्हणजे फाइलचा पत्ता पुन्हा आत येणार नाही, असा आराखडा त्यांना पाठवला आहे. ती खूण जुन्या फॉन्टच्या मजकुरात चुकून कधीही येणार नाही अशी कोणती घ्यावी, हे ठरवण्यासाठी त्यांच्याकडून दहा जुन्या अंकांच्या फायली मागवल्या आहेत.